चकतीवरचे तीन ओरखडे

आरसेबुवांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. ठसे ठोकून अक्षरं उमटवलेले दागिने, म्हणजे नावाच्या चकत्या, कडी, अंगठ्या, घासून पुन्हा नव्यासारखे करून देणं हा त्यांचा धंदा. चकतीत स्वतःच्या मिशीचा केस न् केस दिसल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. नाव त्यावरूनच पडलं होतं.

माणूस हाताचा जितका स्वच्छ, तितकाच मनाचा संशयी. गिऱ्हाईक म्हणालं, "हातातून पडली हो," की आरसेबुवा डोळ्याला भिंग लावणार आणि म्हणणार, "पडली नाही. नाण्यांबरोबर खिशात ठेवली होती." गिऱ्हाईक ओशाळायचं आणि आरसेबुवांना कोण आनंद व्हायचा. पस्तीस वर्षांत ओरखडा कधी खोटं बोलला नाही, माणसं मात्र रोज बोलतात, असं ते ज्याला त्याला ऐकवत.

दुकानात दोन स्टुलं. एक ठशांच्या टेबलाशी. ते बायकोचं. ती गेल्यापासून रिकामं होतं, आणि त्यावर फडकंसुद्धा कोणी ठेवायचं नाही. दुसरं गिऱ्हाइकासाठी, पण त्यावरही ज्याचं काम चालू आहे त्यानेच बसायचं. गप्पा मारायला कोणी आलं की आरसेबुवा मान वर न करता विचारत, "काम काय?" काम नसलेला माणूस मुकाट्याने बाहेरची वाट धरायचा. शेजारचा घड्याळवाला वीस वर्षांचा दोस्त, पण तोही उंबऱ्यावर उभा राहूनच बोलत असे.

एका शनिवारी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर त्यांची लेक येऊन बसली, गळ्यातली साखळी काढली आणि चकती टेबलावर ठेवली.

"पुन्हा?" आरसेबुवा म्हणाले.

"दाराच्या कडीला घासली, बाबा."

मागच्या खेपेला पर्सची चेन होती. त्याआधी नळ. आणि सगळ्यात पहिल्यांदा काय होतं ते आता त्यांना आठवेना, पण तीन महिन्यांतली ही चौथी खेप होती एवढं नक्की. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ही पोर दिवसभर लोकांच्या शिरा शोधते, सुई कधी चुकत नाही म्हणून लोक तिचं नाव घेऊन रांग लावतात, आणि हिला स्वतःच्या गळ्यातली चकती सांभाळता येऊ नये?

चकतीही कुठली साधीसुधी. चिंगी सहा वर्षांची असताना तिच्या आईने ती केली होती. चांदीचा गोल तुकडा, त्यावर एकेक ठसा धरून एकेक अक्षर: चिंगी. एका ठशाला एकच घाव, हा तिचा नियम. दुसरा घाव बसला की अक्षराला सावली पडते. शेवटच्या अक्षराचा ठसा धरला असताना चिंगीने काहीतरी वेडंवाकडं तोंड केलं, आईला हसू आलं आणि अक्षर ओळीखाली घसरलं. दुसरी चकती करू, असं आरसेबुवा म्हणाले होते. बायको म्हणाली होती, "राहू दे. हसलेलं आहे ते."

आधीच्या खेपांना लेकीच्या शब्दावर विसंबून आरसेबुवांनी भिंग लावलं नव्हतं, आज लावलं.

तीन रेघा. अगदी सरळ, तिघींमधलं अंतर सारखं. दाराच्या कडीने ओरखडा उठतो तो वेडावाकडा असतो, सुरुवातीला खोल आणि शेवटी उथळ. या रेघा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या खोल होत्या. पहिल्या अक्षरावरून निघून शेवटच्या अक्षराच्या कडेला येऊन थांबलेल्या. ही कडी नव्हती, नळ नव्हता, पर्स तर मुळीच नव्हती. ही कानस होती.

आरसेबुवांच्या मनात पाल चुकचुकली. कानस कोणाच्या घरात असते? त्यांच्या जावयाच्या. जावई किल्ल्या बनवायचा.

या जावयावर त्यांची मर्जी पहिल्यापासूनच बेताची होती. लग्न ठरायच्या आधी तो घरी आला, तेव्हा नेमकं कपाटाचं कुलूप अडकलं होतं. त्याने आरसेबुवांच्या बायकोच्या केसातली पिन मागून घेतली आणि चहा निवायच्या आत कपाट उघडून दिलं. सगळ्यांनी कौतुक केलं. आरसेबुवांनी दुसऱ्याच दिवशी घराचं कुलूप बदललं.

"घरी सगळं ठीक?" त्यांनी चकतीवरची नजर न काढता विचारलं.

"ठीक की."

"जावई?"

"तेही ठीक. का हो?"

"काही नाही. विचारलं." त्यांनी तिरक्या डोळ्याने तिची मनगटं पाहिली, मान पाहिली. कुठे व्रण नव्हता. पण व्रण काय, पदराआड झाकताही येतो. ती मात्र इकडेतिकडे बघत होती. आईच्या स्टुलाकडे, खिळ्याला टांगलेल्या हातोडीकडे, मग रस्त्याकडे. रस्त्याकडे का बघते? कोण येणार आहे?

एरवी ते लगेच कामाला लागत. काच मांडायची, तिच्यावर पॉलिशपेपर ओला करून पसरायचा, चकती पालथी धरून एकाच दिशेने घासायची. मग बारीक पेपर, मग त्याहून बारीक, शेवटी मोटरच्या चाकावर पॉलिशचा लाल साबण लावून चमक आणायची आणि अक्षरांत काळा रंग भरून पुसून घ्यायचा. ओरखडा काही भरता येत नाही. आजूबाजूची चांदी त्याच्या तळापर्यंत खाली उतरवावी लागते. म्हणजे प्रत्येक वेळी चकती पातळ होते आणि अक्षरं उथळ. त्यांनी जाडी मोजली. पहिल्या खेपेला सव्वा मिलिमीटर होती, आता एकाच्याही खाली गेली होती. बायकोने मारलेले घाव निम्मे झिजले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातांनी झिजवले होते. अजून दोन-तीन खेपा, की चकती नुसता कोरा चांदीचा तुकडा होणार.

कोणीतरी हे नाव पुसायला बसलं होतं, आणि पुसायचं काम आपल्याच हातून करून घेत होतं. आरसेबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हे ओरखडे आता पुरावा होते, ते घासून कसं चालेल?

"आज मोटर कुरकुर करतेय," ते म्हणाले. "चकती ठेवून जा. पुढच्या शनिवारी ने."

"म्हणजे पुन्हा यावं लागेल?" चिंगी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की आरसेबुवा चरकले. घराबाहेर पडायला निमित्त मिळालं म्हणून एवढा आनंद?

काम बंद म्हटल्यावरही ती लगेच उठली नाही. "जाऊ का मग?" म्हणाली आणि बसून राहिली. लॅबमधल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, जो सुई टोचायच्या आधीच ओरडून घेतो. पुन्हा म्हणाली, "जाऊ ना?" आरसेबुवा हूं म्हणाले. तिसऱ्यांदा विचारून मग ती गेली, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिलं. लेकीला घरी जायची भीती वाटते, हे आता सांगायला कोणी लागत नव्हतं.

तो आठवडा आरसेबुवांना जेवण गोड लागलं नाही. ते भलत्याच वेळी लेकीला फोन करू लागले. मागे आवाज कोणाचे येतात ते कान देऊन ऐकायचं, आणि "काही नाही, सहज" म्हणून ठेवून द्यायचं. सहज फोन करणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं, त्यामुळे चिंगी दर वेळी घाबरून विचारायची, "बाबा, बरं नाही का?" या प्रश्नाचाही त्यांनी वेगळाच अर्थ काढला. पोरगी बापाला ताकास तूर लागू देत नाही.

घड्याळवाल्याला त्यांनी आडून आडून विचारलं. "समजा, एखादा माणूस बायकोच्या दागिन्यावर कानस चालवतो. कशासाठी चालवत असेल?"

घड्याळवाला उंबऱ्यावरच उभा होता. त्याने डोक्यावरचं भिंग आणखी वर सरकवलं. "राग असेल," तो म्हणाला. "माणसावर काढता येत नाही, मग वस्तूवर काढतात. आमच्याकडे येतात ना घड्याळं, भिंतीवर आपटलेली." मग जाता जाता म्हणाला, "आधी वस्तू येतात, बरं का. नंतर माणसं."

झालं. आधीच संशयाचं भूत मानगुटीवर, त्यात हा मांत्रिक. रात्रभर आरसेबुवांच्या डोळ्यांपुढे तो हात यायचा, आज चकतीवर फिरलेला आणि उद्या लेकीवर उठणारा. ते थेट तिला विचारू शकले असते. पण माणसं खोटं बोलतात, ओरखडे बोलत नाहीत. त्यांनी ओरखड्यांनाच विचारायचं ठरवलं.

बुधवारी ते जावयाच्या दुकानात गेले. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. जावई सासऱ्यांना बघून गडबडला. त्याने हात पुसले, बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली.

"बसत नाही. किल्ली हवी दुकानाची. एक जास्तीची."

"निरोप दिला असता तर मी आलो असतो, बाबा."

"तुम्ही कशाला येता," आरसेबुवा म्हणाले. "मशीनवर नको. हाताने करा."

जावयाने किल्ली शिकंज्यात आवळून धरली, फळीवरून एक बारीक कानस उचलली आणि दाते काढायला लागला. आरसेबुवा डोळ्यांत तेल घालून बघत होते. हात हलका होता. घाई नव्हती. असे शांत हातच जास्त घातक असतात, असं त्यांच्या मनाने लगेच ठरवून टाकलं. जावई मध्येच हसून म्हणाला, "जुनं कुलूप त्रास देतंय का?" आरसेबुवा म्हणाले, "कुलपाचा त्रास नाही."

दुकानात परतून त्यांनी दार लोटलं, दिवा ओढून जवळ घेतला आणि किल्ली व चकती शेजारी शेजारी ठेवली. कानशीचंही हस्ताक्षर असतं. जुन्या कानशीचा एखादा दात तुटलेला असतो, आणि ती जिथे फिरेल तिथे तेवढी एक बारीक जागा न घासलेली राहते. चकतीवरच्या मधल्या रेघेच्या आत तशी एक केसाएवढी उंच कड होती. किल्लीवर त्यांनी भिंग सरकवत नेलं. दुसऱ्या दात्याच्या उतारावर तीच कड सापडली. तेवढीच, त्याच जागी.

आरसेबुवांनी भिंग खाली ठेवलं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाला नाही. बायको असती तर काय करायचं ते तिने सांगितलं असतं. तिच्या स्टुलाकडे बघून त्यांनी किल्ली आणि चकती एकाच फडक्यात गुंडाळली.

गुरुवारी सकाळी जावयाने दुकान उघडलं तेव्हा सासरेबुवा बाहेर उभेच होते. त्यांनी चकती आणि किल्ली फळीवर ठेवली, वर भिंग ठेवलं.

"बघा," ते म्हणाले.

जावयाने पाहिलं. एकदा चकती, एकदा किल्ली. घाईने नाही, एखादं अवघड कुलूप बघावं तसं. मग त्याने भिंग खाली ठेवलं.

"कानस माझी आहे," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. का, ते सांगा. माझ्या लेकीच्या आईची एवढीच खूण तिच्यापाशी आहे. काय वाकडं केलंय तिने तुमचं?"

"कानस माझी आहे, बाबा. हात माझा नाही."

"मग घरात तिसरं कोण आहे?"

"तिसरं कशाला," जावई म्हणाला. "ती स्वतःच करते. तुमच्याकडे यायचं असलं की आदल्या दिवशी माझ्या पेटीतून कानस घेते आणि खिडकीत बसते. तीन वेळा फिरवते. मोजून. शेवटच्या अक्षराला लावायला तिचा हात धजत नाही, म्हणून तिथे थांबते."

आरसेबुवांना काही कळेना. "तिला काय वेड लागलंय?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, असंच जा की, बाप आहे तुझा. ती म्हणाली, तिथे असंच चालत नाही. काम लागतं." पुढचं बोलावं की नको असं जावयाला झालं होतं, मग त्याने बोलून टाकलं. "आई गेल्यावर ती रोज यायची ना तुमच्याकडे? चार-पाच दिवस आली. तुम्ही तिला विचारलंत, काम काय. ती म्हणाली, काही नाही, बसायला आले. तुम्ही म्हणालात, मग घरी जा, तिथे कामं असतील."

आरसेबुवांना आठवलं. त्यांची तिच्याकडे पाठ होती. मोटर चालू होती आणि चाकावर काहीही नव्हतं. मागे लेक बसलेली, तिचा श्वास अगदी तिच्या आईसारखा, आणि आणखी क्षणभर ती बसली असती तर ते ढसाढसा रडले असते. म्हणून तोंडाला आलं ते बोलले. बोलले आणि विसरून गेले.

"अक्षरं झिजतायत," ते कसेबसे म्हणाले. "तिला कळत नाही? या दुकानात वाढलीय ती."

"कळतं. मी विचारलं तिला. म्हणाली, आई काही त्या चकतीत नाही. बाबा मात्र दुकानात आहेत." जावयाने किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. "मी सांगितलं म्हणू नका. आणि ही किल्ली लागते का बघा तरी. काल तुम्ही माझ्याकडे असे बघत होता, मला वाटलं दाता चुकला."

आरसेबुवांना माफी मागायची होती. ती कला त्यांना अवगत नव्हती. ते म्हणाले, "दाता बरोबर आहे," आणि किल्ली खिशात टाकत, "हात चांगला आहे तुमचा." जावयाला तेवढं पुरलं असावं. त्याने खुर्ची पुन्हा पुढे केली, आणि या वेळी आरसेबुवा बसले.

शनिवारी चिंगी आली. येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलाकडे वळली, तर त्यावर पॉलिशपेपरचा गठ्ठा ठेवलेला.

"तिकडे बस," आरसेबुवा मोटरकडे बघत म्हणाले.

"तिकडे आईचं आहे."

"मग? मोडणार आहे का?"

ती आईच्या स्टुलावर बसली. आरसेबुवांनी चकती तिच्यापुढे ठेवली. तिने उचलली, उजेडात तिरकी केली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. अक्षरांत नवा काळा रंग भरला होता. रेघांच्या धारदार कडा मारल्या होत्या, कपड्यात अडकू नयेत एवढ्याच. पण तिन्ही रेघा जिथल्या तिथे होत्या. तिने भिंग मागितलं नाही, ते न लागताही दिसत होत्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ओरखडे तसेच आहेत."

"खोल आहेत," आरसेबुवा म्हणाले.

"तुम्ही कधी असं परत देत नाही."

"घाईने उतरवले तर अक्षरं जातील. वेळ लागेल. दर शनिवारी येत जा, थोडं थोडं बघू."

"किती शनिवार?"

"ते आत्ता कसं सांगू?"

चिंगी त्यांच्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं ओरखडे वाचणाऱ्या माणसाची ती लेक होती, बापाचा चेहरा वाचायला तिला कितीसा वेळ लागणार. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आणि मध्येच नवा ओरखडा पडला तर?"

"पडणार नाही," आरसेबुवा म्हणाले. "दाराची कडी सांभाळून उघडायची."

उंबऱ्यावर घड्याळवाला येऊन उभा राहिला होता. रिकाम्या स्टुलावर कोण बसलंय ते बघून तो बोलायचं विसरला, आणि आल्या पावली परत गेला.

"बाबा, मी बसू ना जरा?"

आरसेबुवांनी मोटर बंद केली. तिच्या हातातून चकती घेतली, पालथी केली आणि मऊ फडकं शोधलं. मग जिथे एकही अक्षर नव्हतं त्या बाजूवर ते सावकाश फडकं फिरवू लागले.

"तो म्हातारा," ते म्हणाले, "सुई टोचायच्या आधीच ओरडतो तो. आला होता का या आठवड्यात?"